वाचकांचे प्रश्न : पकड नसलेल्या ग्रॅनाइटवर पाय कसा टिकतो?

मागील अंकात कर्नाटकातील सावनदुर्ग या प्रचंड ग्रॅनाइट घुमटावर केवळ घर्षणाच्या आधाराने कसे चढतात, याची थोडक्यात माहिती दिली होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे निवडले आहेत.

प्रश्न : मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवर मी दोराच्या आधाराने चढलो आहे. तेथे प्रत्येक पावलाला खाच, कपार किंवा कंगोरा शोधावा लागतो. सावनदुर्गवर कित्येक मीटरपर्यंत हाताला काहीच लागत नाही, असे आपण लिहिले होते. पकडच नसेल, तर माणूस चढतो तरी कशाच्या बळावर? (एक वाचक, भुसावळ)

पायाच्या बळावर, आणि तेही बोटांच्या टोकावर नव्हे, तर तळव्याचा पुढचा भाग कातळावर सपाट दाबून. आपल्याकडच्या बेसाल्ट या काळ्या खडकावर घडलेल्या आरोहकाला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याच्या हातांना आधी शोधायची आणि मग शरीर वर खेचायची सवय झालेली असते. घर्षणाच्या चढाईत ही सवयच सर्वांत जास्त आड येते.

थोडे गणित केले की कारण स्पष्ट होते. ६० किलो वजनाचा माणूस ४० अंशांच्या उतारावर केवळ पायांवर उभा आहे असे समजू. त्याच्या वजनाचा सुमारे ३८.६ किलो इतका भाग त्याला उताराच्या दिशेने खाली ओढतो आणि सुमारे ४६ किलो इतका भाग पायांना कातळावर दाबतो. पाय न घसरण्यासाठी रबर आणि कातळ यांच्यातील घर्षणाचा गुणांक, म्हणजे खाली ओढणाऱ्या भाराचे दाबणाऱ्या भाराशी गुणोत्तर, किमान ०.८४ असावा लागतो. चढाईच्या बुटांचे मऊ रबर खरखरीत आणि कोरड्या ग्रॅनाइटवर एवढी पकड देते. आता हाच माणूस घाबरून पुढे झुकला आणि त्याने तळहात कातळावर टेकवून ६ किलोचा भार त्यांच्यावर दिला, तर पायांना कातळावर दाबणारा भार ४० किलोंपर्यंत उतरतो. खाली ओढणारा भार मात्र तेवढाच राहतो आणि घामेजलेले हात तो फारसा पेलत नाहीत. त्यामुळे पायांकडून मागितला जाणारा गुणांक ०.९६ च्या पुढे जातो. म्हणजे जो माणूस सुरक्षित वाटावे म्हणून कातळाला बिलगतो, तोच स्वतःच्या पायाखालची पकड कमी करून घेतो.

म्हणून कंबर कातळापासून दूर, शरीर शक्य तितके ताठ आणि वजन थेट पावलांवर, ही या चढाईतील पहिली शिस्त आहे. टाच खाली सोडावी, म्हणजे रबराचा जास्त भाग कातळाला लागतो आणि पोटरीवरचा ताणही कमी होतो. टाच उचलून चवड्यावर उभे राहिले, तर थोड्याच वेळात पोटरी थरथरू लागते आणि त्या थरथरीनेच पाय सुटतो. पावले लहान टाकावीत. मोठे पाऊल टाकताना शरीराला झोका बसतो आणि तो झोका मागच्या पायाला खाली ढकलतो. हातांना काम द्यायचेच असेल, तर तळहात कमरेच्या पातळीवर, बोटे खालच्या दिशेला करून, उताराच्या दिशेने खाली दाबावेत. डोक्याच्या वर हात ताणून काहीतरी चाचपडत राहण्याने उंची वाढत नाही, फक्त टाच उचलली जाते.

दुरून गुळगुळीत दिसणारा हा कातळ जवळून तसा नसतो, हेही सांगायला हवे. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे स्फटिक त्यात डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात. आजूबाजूची खनिजे झिजली की हे स्फटिक किंचित वर उरतात आणि मऊ रबर त्यांच्याभोवती दबून बसते. कुठे बशीएवढा उथळ खळगा असतो, कुठे उतार हाताच्या रुंदीपुरता थोडा सौम्य होतो, कुठे फिकट रंगाच्या पट्ट्यात खरखर जास्त असते. अनुभवी आरोहक अशा जागा हेरतो, पाऊल ठेवण्याआधी तिकडे पाहतो आणि पाऊल ठेवल्यावर ते हलवत नाही. नवशिक्या पाय ठेवतो, उचलतो, पुन्हा सरकवतो, आणि प्रत्येक वेळी रबराखाली आलेली रेती त्याला दगा देते.

प्रश्न : आपल्या खानदेशात एका बाजूला सातपुडा आणि दुसऱ्या बाजूला अजिंठ्याचे डोंगर आहेत. एवढा खडक असूनही असे घुमट आपल्याकडे का नाहीत? विद्यार्थी विचारतात, म्हणून खात्रीचे उत्तर हवे आहे. (एक शिक्षिका, धुळे)

आपल्याकडचा खडक वेगळ्या घरचा आहे, हे त्याचे मुख्य कारण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचे बेसाल्टी पठार तयार झाले. पृष्ठभागावर लवकर थंड झालेल्या या खडकाचे कण बारीक राहिले, आणि थर आडवे असल्यामुळे डोंगरांना पायऱ्या, कडे आणि सपाट माथे मिळाले. लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवीच्या परिसरातील कडे पाहिले, तरी हे थर मोजता येतात.

ग्रॅनाइट याच्या उलट रीतीने बनतो. तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलवर अतिशय सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे स्फटिक मोठे असतात. पुढे कोट्यवधी वर्षांच्या झिजेत त्याच्यावरचा खडक निघून जातो, वरचा भार हलका होतो आणि एकसंध ग्रॅनाइट किंचित प्रसरण पावून पृष्ठभागाला समांतर अशा वक्र भेगांनी तडकतो. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकल्यावर तिचा वरचा पापुद्रा जसा सुटून फुगतो, तसा हा कातळ थरांनी सुटतो, मात्र येथे एका थराची जाडी काही मीटरही असू शकते. वरचे थर गळून पडत गेले की कोपरे नाहीसे होतात आणि घुमट उरतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील घुमटांचा या दृष्टीने अभ्यास करून जी. के. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याविषयी लिहिले. पृथ्वीच्या कवचातील आडव्या दाबाचाही या भेगांत मोठा वाटा असतो, असे काही अभ्यासक मानतात. सावनदुर्ग आणि रामनगरचे डोंगर ज्या ग्रॅनाइटचे आहेत, त्याला भूशास्त्रात क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात आणि त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. आपला बेसाल्ट त्याच्यापुढे अगदी अलीकडचा ठरतो. महाराष्ट्रातही ग्रॅनाइट आहे, पण तो नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीकडे किंवा पूर्व विदर्भात. तापीच्या खोऱ्यात तो उघडा पडलेला नाही.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट मात्र घराजवळच दाखवता येईल. साक्री, शिंदखेडा, नंदुरबार या भागांत शेतांच्या मधून लांबच लांब भिंतींसारख्या खडकाळ रांगा गेलेल्या दिसतात. भेगांत शिरलेला लाव्हा तेथेच घट्ट झाला आणि पुढे आजूबाजूचा खडक जास्त झिजल्यामुळे तो वर उरला. भूशास्त्रज्ञ यांना डाइक म्हणतात, आणि धुळे-नंदुरबारचा डाइकसमूह त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. ग्रॅनाइटच्या घुमटांतही असे डाइक असतात, फक्त तेथे ते पुष्कळदा फिकट रंगाच्या खडकाचे असतात. कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोम या प्रसिद्ध घुमटावर असा एक डाइक गुळगुळीत उतारावरून वळणे घेत वर गेला आहे, आणि त्याच्या किंचित उठावाचा आधार घेत १९६५ मध्ये एरिक बेक, जिम ब्रिडवेल आणि ख्रिस फ्रेडरिक्स यांनी स्नेक डाइक हा मार्ग चढून काढला. भूगोलाच्या तासाला शेताजवळची ती रांग आणि हा मार्ग एकत्र सांगितला, तर मुलांना दोन्ही लक्षात राहतील.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि तिला मैत्रिणींबरोबर अशी चढाई शिकायची आहे. उतार सौम्य असतो, त्यामुळे पडले तरी फारसे लागत नाही, असे ती म्हणते. हे खरे आहे का? (एक आई, शिरपूर)

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपण तिच्याबरोबर बसून समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिला अडवू नका, परंतु शिकण्याचा क्रम चुकू देऊ नका.

उभ्या कड्यावरून पडणारा माणूस हवेत असतो, तर घुमटावरून पडणारा कातळाला घासत खाली येतो. वेग तुलनेने कमी राहतो हे खरे, पण तळहात, गुडघे आणि कोपर यांची कातडी सोलून निघते. खरा धोका आहे तो दोर अडकवण्याच्या बोल्टांमधील अंतराचा. गुळगुळीत घुमटावर दोराची पाचर बसवण्यासाठी भेगा नसतात, म्हणून कातळाला भोक पाडून बोल्ट ठोकावे लागतात. पहिल्यांदा मार्ग काढणारा आरोहक पुष्कळदा नुसत्या पायांवर उभा राहून हाताने भोक पाडत असे. अशा अवघड जागी तो वारंवार थांबणार तरी कसा? त्यामुळे जुन्या मार्गांवर बोल्ट फार दूर दूर असतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातील स्टोन माउंटन हा घुमट याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मार्ग अवघडपणाच्या मोजमापात सोपे दिसतात आणि तरी मुरलेल्या आरोहकांचीही परीक्षा पाहतात.

हिशेब सरळ आहे. पुढे चढणारी व्यक्ती शेवटच्या बोल्टच्या ५ मीटर वर असताना पाय सुटला, तर ती आधी त्या बोल्टपर्यंत ५ मीटर आणि मग त्याच्या खाली आणखी ५ मीटर, शिवाय दोराचा ताण आणि ढिलाई धरून त्याहून थोडी जास्त घसरते. हेच अंतर १० मीटर असेल, तर घसरण २० मीटरांच्या पुढे जाते. म्हणून आपल्या मुलीने सुरुवातीचा सारा सराव वरून बांधलेल्या दोरावरच करावा. त्यात पाय सुटला तरी व्यक्ती थोडीशीच खाली येते आणि पुन्हा उभी राहते. पायांवर विश्वास याच सरावातून बसतो, आणि दोर खालून घेऊन पुढे चढण्याचा विचार त्यानंतर, जाणत्या प्रशिक्षकाने सांगितल्यावरच करावा.

घसरायचे कसे, हेही शिकावे लागते. तोंड कातळाकडे, पाय खांद्याएवढे फाकलेले आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. जाता जाता बोल्टला हात घालू नये, कारण बोट त्यात अडकले तर ते गमवावे लागू शकते. दोर पायामागून गेलेला नाही याकडे चढतानाच लक्ष असावे, नाहीतर घसरताना तो पाय उचलतो आणि माणूस उलटा होऊन डोके आपटते. हेल्मेट आणि जाड कापडाची पूर्ण लांबीची विजार याबाबत तडजोड नको.

बोल्टवर डोळे झाकून विसंबू नये. गंजलेला, हलणारा किंवा नट सैल झालेला बोल्ट ओळखणे सोपे आहे. त्याहून फसवा असतो तो सुटत आलेल्या थरात ठोकलेला बोल्ट. वर सांगितलेल्या भेगांमुळे कातळाचा पातळ थर काही ठिकाणी आतून सुटलेला असतो. तो हाताच्या मुठीने ठोकला तर पोकळ आवाज येतो आणि भरीव कातळ घट्ट आवाज देतो. असा आवाज आला, तर तो बोल्ट कितीही नवा दिसत असला तरी त्याच्यावर भार टाकू नये.

उतरण्याविषयी पत्रात काही विचारलेले नाही, पण अनेक अपघात तेथेच होतात. घुमटाचा उतार वरून बहिर्वक्र असल्यामुळे दोराचे टोक खालच्या थांब्यापर्यंत पोचले की नाही, हे वरून दिसत नाही. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्याशिवाय कोणीही उतरायला सुरुवात करू नये.

प्रश्न : सातपुड्यातील पाड्यांवरची मुले अनवाणी कुठेही चढतात. मग या चढाईला महागडे बूट खरेच लागतात का? (एक विद्यार्थी, जळगाव)

त्या मुलांचा तोल आणि पायांची समज अस्सल आहे, आणि या चढाईत त्याच गुणांना मोल आहे. परंतु लांब, तीव्र उताराच्या ग्रॅनाइटवर उघड्या पायाची कातडी लवकर झिजते आणि घामाने सुटते. याचा इतिहास मोठा वेधक आहे. हाफ डोमवर माणसाचे पाऊल कधीच पडणार नाही, असे एकोणिसाव्या शतकात जोशिया व्हिटनी या भूशास्त्रज्ञाने म्हटले होते. जॉर्ज अँडरसन नावाच्या स्कॉटिश माणसाने बूट घालून पाहिले, अनवाणी पाहिले, पायांना गोणपाट बांधून त्याला पाइन वृक्षाचा चिकट राळ लावूनही पाहिले. राळ उतारावर पाय धरून ठेवी, पण तो उचलताना तोल जाई. अखेरीस त्याने कातळाला भोके पाडून लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि १८७५ च्या ऑक्टोबरमध्ये तो माथ्यावर पोचला.

त्याला हवे होते ते रबर पुढे शंभरेक वर्षांनी मिळाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमधील बोरेआल कंपनीने अधिक पकड देणाऱ्या रबराचा फिरे हा बूट आणला आणि घर्षणाच्या चढाईचे मापच बदलले. विद्यार्थ्याने सुरुवातीला संस्थेचे किंवा मित्राचे बूट वापरावेत. स्वतःचे घ्यायचे झाल्यास तळ सपाट असलेला आणि बोटे सरळ राहतील असा जोड घ्यावा, कारण टोकदार आणि बोटे मुडपणारे बूट उभ्या भिंतीसाठी असतात. चालण्यासाठी ते बूट वापरू नयेत. चढण्यापूर्वी तळ ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा, आणि रबर तळहाताने घासून त्यावरची धूळ काढावी. या साध्या कामाने जो फरक पडतो, तो पुष्कळदा महागड्या बुटानेही पडत नाही.

प्रश्न : आमच्याकडून जायला सोयीचे ठिकाण कोणते आणि कोणत्या दिवसांत जावे? (एक वाचक, नंदुरबार)

नंदुरबारकरांना सुरतमार्गे माउंट अबू सोयीचे आहे. तेथे ग्रॅनाइट आहे आणि गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था प्रस्तरारोहणाचे रीतसर शिक्षण देते. तेलंगणात हैदराबादपासून सुमारे ५० किलोमीटरवर भोंगीरचा एकसंध ग्रॅनाइट डोंगर आहे. २०१४ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या मालावत पूर्णा हिने चढाईचे पहिले धडे तेथेच गिरवले. लांब घर्षण-मार्गांसाठी मात्र सावनदुर्गच. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने थेट बंगळुरू गाठता येते आणि तेथून पश्चिमेला मागडी तालुक्यात हा घुमट आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,२२६ मीटर आहे. वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. जवळच्या रामनगर भागात गिधाडांचे अभयारण्य आहे आणि तेथे पक्ष्यांच्या शांततेला आपल्या चढाईपेक्षा अधिक मान द्यायला हवा. आग्या मोहोळ दिसले, तर तो मार्ग त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. उन्हात तापलेल्या कातळावर रबर जास्त मऊ पडते, पायाला घाम सुटतो आणि सकाळी सहज टिकणारे पाऊल दुपारी सरकू लागते. पाऊस पडून गेल्यावर घुमटावरचे काळे पट्टे पाहावेत. पाणी वाहण्याच्या त्या वाटा असतात, त्यांवर शेवाळाचा थर असतो आणि बाकीचा कातळ वाळला तरी त्या ओल्याच राहतात.

प्रश्न : तेथे जाण्यापूर्वी खानदेशात काही सराव करता येईल का? (महाविद्यालयीन मित्रांचा गट, चाळीसगाव)

येईल, आणि जरूर करावा. फक्त जागा जपून निवडावी. गिरणा-तापीच्या पात्रातील पाण्याने घासलेला बेसाल्ट घेऊ नये, त्यावर उत्तम रबरही टिकत नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यांचा परिसर आणि किल्ल्यांच्या भिंती या संरक्षित वास्तू आहेत. तेथे असला सराव करण्याचा विचारही नको. गावाजवळच्या माळावर माणसाच्या कमरेएवढा उंच, तिरपा आणि खरखरीत धोंडा मिळाला, तरी पुरे. खाली दगडगोटे नसावेत आणि एकाने मागे उभे राहून चढणाऱ्याच्या कमरेकडे लक्ष ठेवावे.

त्या धोंड्यावर दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून चढावे. हात नसले की कंबर आपोआप पावलांवर येते आणि मोठे पाऊल टाकण्याची खोड मोडते. मग आडवे चालावे, थांबावे आणि टाच खाली सोडून एकाच जागी शांतपणे श्वास घेत उभे राहावे. शेवटी उतरण्याचा सराव करावा, कारण घुमटावर चुकीच्या दिशेने दोन पावले वर गेल्यावर परत खाली येता आले नाही, तर घसरण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे, पाहायचे ते दोन्ही पायांच्या मधून, आणि खालचे पाऊल पक्के बसेपर्यंत वरच्या पायावरचा भार काढू नये.